सोफ्यांकडे पाठ

आमच्या गावात कुठलाही कार्यक्रम असो, आधी सोफे येतात. मांडववाल्याच्या टेम्पोतून पांढरे अभ्रे घातलेले सोफे उतरले की समजायचं, गावकीची मंडळी येणार. मग ते लग्न असो, दहावीच्या पोरांचा सत्कार असो, नाहीतर मुलींच्या बास्केटबॉलची फायनल असो. सोफे कुठे लावायचे ते सावली ठरवते. त्या रविवारी सावली बास्केटच्या मागे, देवळाच्या भिंतीकडे होती, म्हणून सोफे तिथेच लागले, शेवटच्या रेषेला जवळजवळ चिकटून. मधल्या सोफ्यावर माझे सासरे येऊन बसले. त्या सामन्याची पंच मी होते.

गाव म्हणते खरी, पण ते आता पिंपरी-चिंचवडच्या पोटात आहे. एका अंगाला कंपन्यांच्या शेड, दुसऱ्या अंगाला वाकड भागात आहेत तसे टॉवर, आणि मधे आमचं गावठाण. देऊळ, तालीम, आणि तालमीमागे महापालिकेने कधीतरी करून दिलेलं बास्केटबॉलचं कोर्ट. मी लातूरकडची. कॉलेजात बास्केटबॉल खेळले, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागले, लग्न होऊन या घरात आले आणि नंतर पंचाची परीक्षाही दिली. घरात माझ्या नोकरीला कुणाची हरकत नव्हती. शिट्टीला होती. "बाईमाणसानं शिट्टी मारायची?" एवढंच मामंजी एकदा म्हणाले होते आणि पुढे गप्प झाले. मामंजी म्हणजे सासरे. त्यांचं गप्प होणं हे इतरांच्या ओरडण्यापेक्षा भारी असतं. मग मी शिट्टी डब्याच्या पिशवीत ठेवायला लागले, पंचाचा शर्ट मैदानावर जाऊन चढवायचा आणि तिथेच उतरवायचा. सगळ्या घराला ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं चाललं होतं.

पण आज सामना गावातच होता, आणि मूठ उघडणार होती.

शिवाय नुसत्या माझ्या अब्रूचा प्रश्न असता तर मी एवढी घाबरले नसते. प्रश्न कोर्टाचा होता. दिवाळीनंतर त्याच कोर्टावर मुलांची स्पर्धा झाली होती. तिथे बॉलपासून लांब कुणीतरी कुणाला तरी ढकललं. बाहेरून आलेल्या पंचांनी ते पाहिलं नाही, मग ज्याला ढकललं त्याने उलट ठोसा दिला, तो मात्र सगळ्यांनी पाहिला. खुर्च्या उडाल्या, एकाच्या डोक्याला टाके पडले. गावातल्या पोरांना आधीपासूनच तिथे बॉक्स क्रिकेटचं टर्फ हवं होतं. जाळी, हिरवा गालिचा, झगझगीत दिवे. त्यांना आयतंच निमित्त मिळालं. गावकीच्या बैठकीत मामंजींचा शब्द शेवटचा असतो. ते वैतागले होते. म्हणाले, "पोरींची स्पर्धा ठरलीय, ती हून जाऊ द्या. नीट झाली तर बघू. एक जरी खुर्ची उचलली, तर दुसऱ्या दिवशी टर्फवाल्याला बोलवा."

हे मुलींना माहीत होतं. संध्याकाळी कोर्टावर येणाऱ्या त्या मुलींमध्ये निम्म्या गावातल्या जुन्या घरांतल्या, निम्म्या भाडेकरूंच्या. कुणी बीडची, कुणी जालन्याची, एक रत्नागिरीची. कोर्ट गेलं तर आकुर्डीला जाऊन खेळा, असं सांगणं सोपं आहे. पण अंधार पडल्यावर बसने परत येणार म्हटलं की यांच्यातल्या एकीचीही आई तिला सोडणार नाही. कोर्ट गेलं की खेळ गेला, इतकं ते सरळ होतं. मला या मुलींचा फार लळा होता. ऑफिसची बस उतरून घरी जाताना मी रोज दोन मिनिटं तिथे रेंगाळायचे, भाजीची पिशवी हातात घेऊनच.

गावच्याच सुनेने गावच्या सामन्याला पंच असावं का, हेही मी जिल्हा संघटनेच्या मंडळींना आधीच विचारलं होतं. त्या दिवशी दुसरं कुणी मोकळं नव्हतं. समोरचा संघ आकुर्डीचा होता. मग मी त्यांच्या प्रशिक्षक बाईंना स्वतः फोन करून सांगितलं की मी या गावची आहे, नको असेल तर नाही म्हणा. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत, यातच सगळं आलं. चालेल." जोडीला पंच म्हणून निवृत्त झालेले एक क्रीडाशिक्षक होते. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही सरच म्हणते. त्यांच्या हाताखालीच मी हे काम शिकले.

आता दोन पंचांचं काम कसं चालतं ते थोडं सांगते. बॉल ज्या बास्केटकडे चालला असेल, तिथे एक पंच पुढे जाऊन शेवटच्या रेषेबाहेर, बास्केटखाली उभा राहतो. दुसरा खेळाच्या मागून येतो. बॉल दुसऱ्याच्या भागात असेल तेव्हा पहिल्याने बॉल विसरायचा. हे म्हणायला सोपं आहे. शेकडो डोळे बॉलवर असताना आपण एकट्याने तिकडे न बघणं म्हणजे पंगतीत बसून जिलबीकडे न बघण्यासारखं आहे. पण बास्केटखालच्या पंचाने बघायचं असतं ते बॉल नसलेल्या मुलींकडे. कोण कुणाचा शर्ट धरतंय, कोण कोपर काढतंय. आणि उभं अशा जागी राहायचं की दोघींच्या मधली फट दिसली पाहिजे. फट दिसली नाही तर कुणी कुणाला लावलं ते कळत नाही, नुसती पाठ दिसते. सर म्हणायचे, "ताई, पंच बॉलमागे धावला की आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं."

सामना सुरू झाला. आमच्या मुली सोफ्यांच्या बाजूच्या बास्केटवर चढाई करत होत्या आणि त्या बाजूला बहुतेक वेळा रेषेवर यायची पाळी माझी. मी रेषेवर जाऊन उभी राहिले की माझी पाठ थेट मामंजींच्या तोंडाशी. आमच्या घरात मोठ्यांकडे पाठ करत नाहीत. चहाचा कप ठेवून मी खोलीतून दोन पावलं मागे सरकते आणि मगच वळते. इतकी वर्षं झाली, पायांना ते विचारावं लागत नाही. त्या दिवशीही पायांनी मला विचारलं नाही. मी आपोआप कोपऱ्याकडे सरकत गेले आणि तिरकी उभी राहिले. सोफ्यांचाही मान राहिला आणि मैदानही दिसत होतं, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे तिथून मला बॉल छान दिसत होता आणि बाकी सगळ्या पाठी.

आमच्या संघात सात नंबरची एक मुलगी होती. आमच्या मागच्या आळीतली. वडील टेम्पो चालवतात. खेळ चांगला, पण राग नाकावर. ती बास्केटजवळ उभी राहायची आणि तिच्यामागे आकुर्डीची एक उंच मुलगी. सात नंबर मधेच अडखळायची, मधेच शर्ट नीट करायची. दोनदा तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मला त्या नजरेचा अर्थ कळला आणि तरी मी शिट्टी वाजवू शकले नाही, कारण मी काही पाहिलंच नव्हतं. न पाहिलेल्याला शिट्टी मारायची नसते. मला माझाच संताप येत होता, पण पाय काही रेषेवर ठरत नव्हते.

अर्धा सामना झाल्यावर पाण्याच्या जारपाशी सरांनी मला गाठलं. "ताई, तुम्हाला झालंय काय? कोपऱ्यात जाऊन उभ्या राहताय. त्या सातला तिथे काहीतरी होतंय. मला लांबून अर्धंच दिसतंय, आणि मी बॉल सोडू शकत नाही."

"सर, मागे सासरे बसलेत."

सर हसायला लागले. मग माझं तोंड बघून थांबले. "सोफे हलवू का?"

हलवता आले असते. पण सुनेच्या सांगण्यावरून गावकीचे सोफे उचलले, तर ते भांडण खेळातल्या भांडणापेक्षा मोठं झालं असतं. इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हटलं, "नको. मीच बोलते."

मी सोफ्यांपाशी गेले. मंडळी कागदी कपातून चहा पीत होती. सवयीने माझा हात डोक्याकडे गेला. पदर नव्हता, शिट्टीची दोरी तेवढी हाताला लागली. पँटमध्ये मला त्या मंडळींनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"मामंजी," मी म्हटलं, "आता मला तुमच्याकडं पाठ करून उभं ऱ्हावं लागंल. माझी जागाच ती हाय."

शेजारचे एक म्हातारे चहात फुंकर मारत म्हणाले, "घ्या! आता सुना सांगून पाठ दावणार."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते बास्केटच्या खांबाकडे बघत होते. "पाठ इचारून दावत्यात व्हय?" ते म्हणाले. "जा."

हा होकार होता की राग, ते मला अजिबात कळलं नाही. पण 'जा' म्हणाले होते. मी गेले.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या. आता सोफ्यांच्या बाजूला आकुर्डीच्या मुली चढाई करत होत्या आणि आमची सात नंबर त्या उंच मुलीला अडवत होती. मी रेषेवर, माझ्या जागी उभी राहिले. पाठीला सोफे जाणवत होते, उन्हात तापलेली भिंत जाणवावी तसे. पहिली दोन मिनिटं माझे कान मागेच होते. मग समोर दोघींच्या मधली फट लख्ख दिसायला लागली आणि मागचं सगळं विसरायला झालं. खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं! चष्मा पुसून घातल्यासारखं.

आणि मग ते झालं. गुण जवळजवळ बरोबरीत होते. बॉल लांबच्या कोपऱ्यात, आकुर्डीची छोटी खेळाडू दोघींना चकवत होती आणि सगळं मैदान उभं राहून तिकडे बघत होतं. सात नंबरने बॉल कुठे आहे ते पाहिलं. सर कुठे बघतायत ते पाहिलं. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. अर्धा सामना मी तिच्यासाठी तिथे नव्हतेच. मग तिने कोपर मागे घेतलं आणि त्या उंच मुलीच्या बरगडीत घातलं. खेळाच्या झटापटीत लागतं तसं नव्हे, मोजून मापून. ती मुलगी कळवळून वाकली.

मी शिट्टी फुंकली. अशा वेळी लांबून बोट दाखवून चालत नाही. धावत जाऊन दोघींच्या मधे उभं राहायचं असतं, म्हणजे दुसरा हात उठायच्या आत मधे माणूस आलेला असतो. मी मधे घुसले. सात नंबरला हळू आवाजात म्हटलं, "माझ्याकडं बघ. दुसरीकडं कुठंच बघू नको." तिकडे सरांनी त्यांचं काम केलं. ते जवळ आलेच नाहीत. दोन्ही बाकांच्या समोर हात आडवा धरून उभे राहिले, त्यामुळे बसलेली एकही मुलगी मैदानात उतरली नाही.

एक क्षण मला काय वाटलं ते लिहून टाकते. पहिल्या अर्ध्यात या पोरीला ओढलं गेलं आणि मी चुकीच्या जागी होते. साधा फाउल देऊन टाकावा, फिटंफाट होईल. मनात आलं, आणि गेलं. माझी जागा चुकली म्हणून त्या उंच मुलीची बरगडी फुकट नव्हती. बाहेर काढावं इतकं ते वाईट नव्हतं, मार डोक्याला नव्हता. पण खेळाडूवृत्तीला सोडून होतं, यात शंका नव्हती. टीव्हीवरच्या अमेरिकन सामन्यांत ज्याला फ्लॅग्रंट म्हणतात, ते. मी दोन्ही हात वर केले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. म्हणजे समोरच्यांना दोन फ्री थ्रो, आणि वर बॉलही त्यांचाच.

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मग गलका.

"वहिनी, बॉल तिकडं व्हता!" दोरीपलीकडून एकजण ओरडला. बिचाऱ्याने खरंच काही पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. "गावची सून आन गावावरच उलटली!" दुसरा म्हणाला. "काय दिसलं ते तरी सांगा!" एक पोरगा दोरी ओलांडून आत आला. त्याच्यामागे एकाने खुर्चीच्या पाठीला हात घातला, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो हिरवा गालिचा अंथरला गेला. सात नंबरच्या तोंडावरचा रंग उडाला. खुर्ची तिलाही दिसली होती.

मागे सोफा कुरकुरला. मी वळले. मामंजी उभे राहिले होते. ते चालत रेषेपर्यंत आले, आणि रेषेवर पाय न देता थांबले. बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, आयुष्य गेलेला माणूस, रेषेचा मान त्यांना कुणी शिकवायला नको.

"खुर्ची खाली ठेव," ते म्हणाले.

"पण आबा, तुमीच सांगा, तुमाला काय दिसलं का?"

"न्हाई. मला न्हाई दिसलं." मामंजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि मला वाटलं, गेलं कोर्ट. मग म्हणाले, "तुला तरी कुठं दिसलं? आपून समदे बॉलकडं बघत व्हतो. ती एकटी पोरींकडं बघत व्हती. बस खाली."

पोरगा दोरीखालून मागे गेला. खुर्ची चारी पायांवर टेकल्याचा आवाज मी ऐकला. मला रडू येत होतं, पण शिट्टी तोंडात असली की रडता येत नाही, हा त्या शिट्टीचा मोठाच उपकार.

फ्री थ्रो झाले. पुढच्याच चढाईला त्या उंच मुलीने सात नंबरचा शर्ट धरला आणि मी लगेच तिलाही शिट्टी दिली. आता फट दिसत होती ना! सोफ्यांवरून कुणीतरी हसलं. "हिला मागं बी डोळं हायेत," असं ते मघाचे फुंकर मारणारे म्हातारे म्हणाले. सात नंबरने माझ्याकडे पाहिलं. ही नजर वेगळी होती. नंतर तिने एकदाही कोपर काढलं नाही, खेळली मात्र जीव तोडून. आमच्या मुली थोडक्यात हरल्या. शेवटी दोन्ही संघांनी हात मिळवले, आणि ती उंच मुलगी आणि सात नंबर एकाच जारचं पाणी प्यायल्या, जरा फुगूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गावकी बसली. मी ऑफिसला गेले, पण लक्ष कुठलं लागतंय. त्या दिवशी ज्या पार्टला मी ओके म्हटलं, तो देवाच्या भरवशावरच गेला असेल. काही पोरांचं म्हणणं होतं म्हणे, की खुर्चीला हात लागला म्हणजे भांडण झालंच, ठरल्याप्रमाणे टर्फ करा.

परत आले तेव्हा मामंजी ओट्यावर बसले होते. मी चहा करून नेला. कप ठेवून सवयीने मागे सरकायला लागले.

"कोर्ट ऱ्हातंय," ते म्हणाले. "हात लावला, उचलली न्हाई. म्या तसं सांगितलं. टर्फाला ओढ्याकडची जागा हाय, तिकडं करा म्हणलं काय करायचं ते." चहाचा घोट घेतला. "पर दर सामन्याला तू पायजेस. ही बाहेरची माणसं बॉलच बघत बसत्यात."

"येईन की," मी म्हटलं.

"आन ती शिट्टी डब्यात नगं ठेवू. भाजीचा वास लागतोय तिला."

म्हणजे त्यांना तेही ठाऊक होतं. मी हसले, डब्याची पिशवी उचलली, आणि सरळ त्यांच्याकडे पाठ करून, लगबगीने, कोर्टाकडे निघाले. मुलींना सांगायला.

मुली आधीच आलेल्या होत्या. सांगितल्यावर जो काही आरडाओरडा झाला त्याने देवळावरची कबुतरं उडाली. सात नंबर मात्र बाजूला उभी होती. जरा वेळाने माझ्यापाशी आली.

"काकी, पहिल्या हाफमध्ये तिनं मला किती ओढलं. तुमाला दिसलंच न्हाई."

"न्हाई दिसलं," मी म्हटलं. "मी चुकीच्या जागी उभी होते."

तिने मान हलवली. तिला समजूत नको होती, एवढंच ऐकायचं होतं बहुधा. बॉल एकदा आपटला, झेलला, आणि शेवटच्या रेषेकडे बघून म्हणाली, "मग कुठं उभं ऱ्हायाचं असतं?"

मी डब्याच्या पिशवीतून शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली, तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला रेषेबाहेर नेऊन उभं केलं.